औषध कोणाच्या सल्ल्यानं घेतलं?

मीरा रोड,
शनिवार, दुपार

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहिलंय खरं, पण दात-ओठ खाऊन लिहिलंय हे आधीच सांगते. चार महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. घरी आले की सुलू वहिनी दारातच सांगते, ते झोपलेत. सकाळी अकराला? जन्मात कधी दिवसा झोपला नाहीस तू! दुकानात आले तर मला बघून मागच्या खोलीत जातोस आणि भाविकाला पुढे करतोस. साठीचा माणूस बहिणीला बघून सलाइनच्या खोक्यांमागे लपतो, ही काय रीत झाली? म्हणून शेवटी कागद-पेन घेतलं. हे पत्र भाविकाच्या, तुझ्या लेकीच्याच हातात देतेय आणि तू पूर्ण वाचेपर्यंत ती तुझ्यासमोरून हलणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. फाडायचा विचार करू नकोस. दुसरी प्रत माझ्याकडे आहे. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत मी, एकाच नमुन्यावर विसंबून राहायची मला सवय नाही.

परवा सोमवारी तुझ्या परवान्याची सुनावणी. आईच्या नावाचं दुकान, शेवंती मेडिकल, एकतीस वर्षं गोडदेवात उभं आहे. ते राहणार की त्याचं शटर कायमचं खाली येणार, ते परवा ठरेल. आणि अख्ख्या भावकीचं म्हणणं असं, की ते शटर ओढलं मी. गेल्या आठवड्यात भाईंदरच्या मासळीबाजारात गेले होते. आईच्या वेळच्या दोघी-तिघी अजून बसतात तिथे. त्यातल्या एकीनं चार गिऱ्हाइकांसमोर मला हाक मारून सुनावलं, भावानं शिकवला तुला न् तू त्यालाच बुडवलास, लाज न्हाय वाटत? मी निवडलेले बोंबील तसेच टाकून निघाले. काय सांगणार होते तिला? की माझ्या शोधनिबंधात तुझं नाव नव्हतं, नुसतं ‘एक किरकोळ औषधविक्रेता’ एवढंच होतं? मार्चमध्ये तो निबंध छापून आला, एप्रिलमध्ये एका पेपरानं त्याची बातमी केली, बातमीत गोडदेव आलं आणि गोडदेवात एवढं पुरलं. जूनमध्ये तुला नोटीस आली. पण खरी सुरुवात त्याच्या आदल्या ऑगस्टातली, हिना गेली तेव्हाची. नऊ वर्षांची पोर, चौथीतली. टायफॉइडनं आतडं फाटून गेली. त्याआधी ताप उलटला की एक, अशा मधे खंड पडत तिच्या पोटात तुझ्या दुकानातल्या अझिथ्रोच्या तीन पट्ट्या गेल्या होत्या.

तेव्हा आधी माझा राग ऐकून घे, मग बाकीचं. टायफॉइडला ती गोळी निदान सात दिवस लागते रे! तू तीन गोळ्यांची पट्टी हातावर टेकवायचास. ताप आला, घे तीन गोळ्या. घसा दुखतोय, घे तीन गोळ्या. पोरगं किरकिर करतंय, त्याला तेच औषध पातळ. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की माणूस कामावर जातो आणि तुला दुवा देतो. पण पोटात अर्धमेले जंतू तसेच बसलेले असतात, आणि त्यातले जे औषधाला पुरून उरतात त्यांचीच पिलावळ पुढे वाढते, गटारात जाते, गटारातून पाण्यात आणि पाण्यातून शेजारच्या घरात. तू काही उचलली गोणी आणि बसला गल्ल्यावर असा दुकानदार नाहीस. डी. फार्म. झालेला माणूस आहेस. हे तुला कळायला नको?

तू काय म्हणशील ते पाठ आहे मला. शैले, तू तिकडे काचेच्या खोलीत बसतेस. इथे समोर वॉचमन उभा असतो, अंगात एकशे तीन ताप, रजा घेतली तर नोकरी जाते. त्याला डॉक्टरकडे दोन तास रांगेत बसायला सांगू? मी नाही दिली तर समोरचा देईल. असंच म्हणशील ना? आणि खरंच आहे ते, म्हणून तर आणखी चीड येते. दिवसाआड येणारं पाणी, गटाराला खेटून गेलेला पाइप, नळाला लावलेले पंप गटारातलं शोषून घेतात. तो पाइप तिथून कोणी नेला त्याला आली का नोटीस? रक्त न तपासता दोन मिनिटांत चिठ्ठी खरडणारे डॉक्टर आपल्या नाक्यावर कमी आहेत का? त्यांना बोलावलंय का सोमवारी? नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. तू काही संन्यासी नव्हेस, तुझी चूक आहे आणि ती मी शंभरदा सांगेन. पण सुळावर तू एकटाच का?

दादा, मला सारखे ते पहिले दिवस आठवतायत. बाबा मिठागरावरून तापानं फणफणून आले आणि मलेरियाच्या, क्लोरोक्विनच्या गोळ्या वेळच्या वेळी देऊनही सहाव्या दिवशी गेले. आई कितीतरी दिवस एकच विचारायची, गोली दिली व्हती ना, मंग कशी लागू पडली न्हाय? डॉक्टरनं खांदे उडवले. त्या एका प्रश्नापायी मी जंतूंच्या मागे लागले आणि तू औषधांच्या. तू बी. एस्सी. सोडून डी. फार्म. केलंस, दुकान टाकलंस, म्हणून मी पीएच. डी. पर्यंत जाऊ शकले. माझ्या गाइडनी विचारलं होतं, तापाच्या पेशंटचं रक्त आणणार कुठून? हॉस्पिटलात येतात ते आधीच चार गोळ्या खाऊन येतात, त्यांच्या रक्तात जंतू उगवत नाहीत. मी घरी येऊन रडत बसले होते. तू म्हणालास, त्यात काय, ताप आला की माणूस पहिल्यांदा माझ्याकडे येतो.

आणि खरंच, माझे पहिले साठ नमुने तुझ्या दुकानातल्या बाकड्यावर घेतलेले आहेत. लोक सुई बघून पळायचे. तू त्यांचा हात धरून बसायचास, बहीण आहे माझी, दुखवणार नाही म्हणायचास. आणि ती बर्फाची गंमत आठवते? मला एका शनिवारी यायला जमलं नव्हतं, तर तुझ्या ओळखीच्या नर्सनं सात जणांचं रक्त बाटल्यांमध्ये घेतलं, आणि तू काय केलंस? थेट मासळीबाजारातून थर्माकोलचा खोका भरून बर्फ आणलास आणि बाटल्या त्यात पुरून, स्कूटरवर पायाशी ठेवून, माझ्या प्रयोगशाळेपर्यंत घेऊन आलास. घामानं डबडबलेला, चेहरा बघावा तर गड जिंकून आल्यासारखा. अरे, ती काय सुरमई होती? रक्तातले जंतू वाढवायचे तर बाटली उबेत ठेवायची असते, गारठवली की संपलं. सातही बाटल्या वाया. मी तुला शिपायांसमोर वाटेल ते बोलले. कोळणीच्या पोराला दुसरं काय सुचणार, असंसुद्धा बोलले, जशी काही मी कुणा दुसऱ्या आईची होते. तू हसलास फक्त. पुढच्या वेळेला बाटल्या टॉवेलात गुंडाळून, शर्टाच्या आत पोटाशी धरून आणल्यास. त्यातल्या चार उगवल्या. माझ्या पहिल्या निबंधात आभार मानलेत ते गाइडचे, संस्थेचे, ज्यांनी पैसा दिला त्यांचे. तुझं नाव त्यात नाही. आज पुन्हा काढून बघितलं, खरंच नाही.

पुढे मी मोठी झाले म्हणतात. परिषदा, समित्या, गळ्यात बिल्ले. बँकॉकला जाऊन आपल्या तापावर भाषण दिलं आणि तिथल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी मी संस्थेला प्रस्ताव दिला होता. औषधाच्या दुकानातच रक्त घेण्याची सोय करू, दुकानदारांना शिकवू, बाटल्या पुरवू, दोन दिवसांत निकाल त्यांच्याकडे परत पाठवू. नवीन काही नव्हतंच त्यात, तू आणि मी करत होतो तेच होतं. आमचे त्या वेळचे डायरेक्टर हसले. म्हणाले, मॅडम, आपण संशोधन संस्था आहोत, किराणा-भुसारवाल्यांची शाळा नाही. वर्षभरानं जंतूंची जनुकं वाचणारं परदेशी यंत्र आलं, त्याला हार घातला, नारळ फोडला. यंत्र चांगलंच आहे, मी वापरते, त्याला दोष नाही. पण त्याला खायला घालायला जंतू लागतात ना? ते दुकानातून आणायचं बंद केलं. तुझ्या बाकड्यावर रक्त घ्यायचं बंद झालं ते तेव्हापासून. मी भांडले, पण खरं सांगायचं तर जितकं भांडायला हवं होतं तितकं भांडले नाही. मलाही यंत्राचा मोह झाला होता.

आता भाऊबीजेचं लिहिते. इतका वेळ तुझ्यावर ओरडून झालं, आता ते टाळता येणार नाही. सात वर्षांपूर्वीची भाऊबीज. ओवाळून झालं, वहिनीनं करंज्यांचं ताट पुढे ठेवलं, आणि तू दरवर्षीसारखं विचारलंस, काय म्हणतायत तुझ्या ताटल्या? एवढ्या मोठ्या खानदानात हा प्रश्न मला फक्त तू विचारतोस. बाकीचे विचारतात, रिटायर कधी होणार. मी खुशीत होते. नुकतेच आपल्या भागातल्या एक्केचाळीस नमुन्यांचे निकाल हातात आले होते. तुला मी नेहमीसारखं समजावून सांगितलं. ताटलीत जंतू वाढवायचे, वर औषधांच्या टिकल्या ठेवायच्या, ज्या टिकलीभोवती मोकळा गोल पडतो ते औषध चालतं, जिच्या कडेपर्यंत जंतू येऊन भिडतात ते औषध गेलं. आणि मग मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतंय. ऑफ्लॉक्स वगैरे आता विसर दादा, त्यांना हे जंतू भीक घालत नाहीत. आपल्याकडे आता तोंडानं घ्यायची एकच गोळी चालते, अझिथ्रो, एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस! तू कान देऊन ऐकलंस. सात दिवस, हे शब्द मी उच्चारले का? सात वर्षं आठवतेय. नाही उच्चारले. रक्त तपासल्याशिवाय देऊ नको, असं म्हणाले का? तेही नाही. मी करंजी खात होते आणि तू माझ्याकडे कौतुकानं बघत होतास, तेवढ्यानं माझं पोट भरलं.

ते निकाल तेव्हा कुठे छापून आले नव्हते. छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. मी तो मोडला, कारण भावासमोर मिरवायचं होतं. आणि तू काय केलंस? बहिणीचा शब्द म्हणजे वेदवाक्य. दुसऱ्या दिवशी फळीवरची बाकीची औषधं मागे गेली आणि अझिथ्रोच्या पट्ट्या पुढे आल्या. साध्या तापालासुद्धा तीच, कारण शैलूनं सांगितलंय, हीच चालते. मी अधूनमधून दुकानात यायचे, समोर ते ढीग बघायचे. दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, दादा बघून देत असेल. डोंबलाचं वाटायचं! विचारलं असतं तर माझीच चूक पुढे आली असती, म्हणून विचारलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. एका सकाळी ताटली उघडली आणि अझिथ्रोच्या टिकलीभोवती गोलच नाही. जंतू टिकलीला चिकटून वाढलेले. मला वाटलं टिकली जुनी असेल. नवीन आणली, तेच. महिन्याभरात अशा सहा ताटल्या झाल्या आणि सहाही पेशंट आपल्या दुकानामागच्या दोन गल्ल्यांमधले. पुढचं कळायला मला यंत्राची गरज नव्हती. त्या दिवशी मी काय करायला हवं होतं? रिक्षा पकडून तुझ्याकडे यायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं की त्या पट्ट्या फळीवरून खाली उतरव, तापाचा माणूस आला की आधी रक्त तपासायला धाड. दहा मिनिटांचा रस्ता आहे रे आपल्या दोन घरांमध्ये! मी आले नाही. कारण आता मला नियम आठवला. पुन्हा तपासायचं, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यायची, निबंध लिहायचा, तो मंजूर व्हायचा, तोपर्यंत तोंड शिवून बसायचं. चांगली बातमी मी नियम मोडून करंजीबरोबर वाटली, आणि वाईट बातमी नियम पाळून गिळली. खात्री होण्यात वर्ष गेलं. हिना त्या वर्षात गेली.

तिच्या घरी मी गेले होते, हे तुला माहीत नाही. पंधरा दिवसांनी गेले, शोक करायला नव्हे, माहिती भरून घ्यायला. आमचा एक फॉर्म असतो, बावीस प्रश्नांचा. पाणी कुठलं पिता, घरात आणखी कोणाला ताप आला होता, असं सगळं. हिनाची आई जमिनीवर बसली होती, मी तिच्यासमोर, आणि मागे दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घातलेला. पंधरा दिवसांनीसुद्धा कोणी काढला नव्हता. सतरावा प्रश्न असतो, औषध कोणाच्या सल्ल्यानं घेतलं? ती म्हणाली, मेडिकलवाले भैया के. आणि पुढे म्हणाली, वो अपने मन से नहीं देते दीदी. उनकी बहन बड़ी साइंटिस्ट है, उसने बताया है इधर यही गोली चलती है. इसलिए तो हमने दूसरी जगह नहीं दिखाया. दादा, तिला माहीत नव्हतं मी कोण ते. माझ्या गळ्यात बिल्ला होता, त्यावर नाव होतं, पण तिला वाचता येत नाही. फॉर्मवर चार चौकटी असतात. डॉक्टर, दुकानदार, नातेवाईक, इतर. ‘इतर’पुढे लिहायला मोकळी ओळ असते. मी ‘दुकानदार’वर खूण केली, तिला सही म्हणून अंगठा द्यायला लावला आणि बाहेर पडले. निबंधात जे वाक्य छापलंय, ज्यावरून तुला नोटीस आली, ते त्या खुणेवरून लिहिलंय. एका विक्रेत्यानं कोणाच्याही सल्ल्याशिवाय अपुऱ्या मात्रेत औषध विकलं. सल्ल्याशिवाय! हे मी स्वतःच्या हातानं टाइप केलं.

मग तू माझं तोंड बघेनासा झालास. मी मनाशी ठरवून टाकलं, दादाला राग आलाय, बहिणीनं दगा दिला म्हणून तो बोलत नाही. आणि मला बरंच वाटलं त्याचं. तू रागावलास की हिशेब फिटला, असं काहीतरी. उलट मीच तुझ्यावर चिडायला लागले, की एवढी चूक करून वर हा फुगून बसतो! गेल्या रविवारपर्यंत मी अशी आरामात चिडलेली होते.

रविवारी भाविका आली. तिनं टेबलावर झेरॉक्स ठेवली, तू नोटिशीला दिलेल्या खुलाशाची. तुझं ते ठाशीव अक्षर. ‘सदर औषध मी स्वतःच्या मर्जीने व अनुभवाने विकत होतो. याबाबत मला कोणत्याही डॉक्टरने, व्यक्तीने अथवा नातेवाइकाने कधीही सल्ला दिलेला नाही.’ मी ते वाक्य तीनदा वाचलं. अरे शहाण्या, नोटिशीत नातेवाइकाबद्दल कोणी विचारलं होतं का? तो शब्द तू आपणहून घातलास. भाविका म्हणाली, आत्या, पप्पांनी मला देवासमोर शपथ घातलीय की तुझं नाव कुठे यायचं नाही. तुझी नोकरीची शेवटची वर्षं आहेत, म्हणाले. तुझे फोन आले तर चौकशीत निघतील म्हणून ते उचलत नाहीत. दुकानातही म्हणून तुझ्याशी बोलत नाहीत, कोणी बघितलं तर शंका यायला नको. बोलता बोलता पोर रडायला लागली. मला रडू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! चार महिने मी समजत होते तू रुसलायस, आणि तू तिकडे माझ्यावर पांघरूण घालत बसलास? कोणी सांगितलं होतं तुला? माझी चूक आहे ती, माझी, दादा! ती काय तुझ्या फळीवरची पट्टी आहे, परस्पर उचलून स्वतःच्या नावावर विकायला? लहानपणापासून हेच करत आलायस. आईची बरणी मी फोडली, मार तू खाल्लास. तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता एक मूल मेलंय, आणि अजून तू मला सहा वर्षांचीच समजतोस. राग येतो मला याचा. आणि तुझ्या या असल्या प्रेमाची सवय लावून घेतलेल्या माझा त्याहून जास्त येतो.

तेव्हा आता ऐक. काल मी सुनावणीच्या कार्यालयात माझा जबाब लेखी देऊन आले, पोच घेतली. भाऊबीजेचं सगळं लिहिलंय, सतराव्या प्रश्नाचंही. संस्थेतही सांगितलं. तिथे माझी चौकशी होईल, निबंध मागे घ्यावा लागेल, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत ते खुर्चीवर जातील की घरी, माहीत नाही. त्यासाठी मी तुला लिहीत नाहीये. तुझ्या चुकीबद्दल तुला जी शिक्षा व्हायची ती होईल, तीही मी टाळा म्हणणार नाही. लिहितेय ते एवढ्यासाठी, की मी तुला ओळखते. सोमवारी मी बोलायला उभी राहिले की तू हात जोडून उठशील आणि म्हणशील, साहेब, तिचं ऐकू नका, मला वाचवायला खोटं बोलतेय. आणि त्यांना ते पटेल, कारण बहीण भावासाठी खोटं बोलते हे कोणालाही पटतं. हिनाच्या घरी मी आज सकाळी जाऊन आले, या वेळेला फॉर्म न घेता. कोण आहे ते सांगितलं. तिनं मला घराबाहेर काढलं नाही, पाणीही विचारलं नाही, फक्त सुनावणीची वेळ विचारली. ती येणार आहे. तिच्यासमोर मला खोटी पाडू नकोस.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
शैला